डॉक्टर मोकळे, खोली भरलेली

कराडच्या आमच्या पॉलिक्लिनिकमध्ये सहा डॉक्टर बसतात आणि तपासणीच्या खोल्या आहेत चार. सोनोग्राफीचं मशीन एक, फिजिओथेरपीचे बेड दोन. काउंटर मी सांभाळते. पूर्वी प्रत्येक डॉक्टरांची वही वेगळी होती. प्रत्येक वही आपापल्या जागी बरोबर असायची, पण एका वहीतलं दुसरीला ठाऊक नसायचं. डॉक्टर मोकळे, आणि खोलीत दुसऱ्यांचा पेशंट!

ऑनलाइन बुकिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं, तर ते हा गुंता सोडवतं का, एवढं आधी बघा. साधं कॅलेंडर फक्त माणसाची वेळ धरतं. आमच्यासारख्या ठिकाणी डॉक्टर, खोली आणि मशीन तिन्ही मोकळी असतील तरच ती वेळ पेशंटला दिसली पाहिजे. एकाने ती निवडून नाव-नंबर टाकायला घेतला की तेवढी मिनिटं ती बाकीच्यांना बंद झाली पाहिजे, नाहीतर दोघांना एकाच वेळेचा मेसेज जातो. दोन कॅलेंडरं लिंकने जोडली की काम भागतं असं पुष्कळांना वाटतं. पण अशा जोडणीत इकडची नोंद तिकडे उमटायला कधी कधी काही तास लागतात. म्हणून फोनवरचा, दारात आलेला आणि मोबाइलवरून बुक केलेला, सगळे पेशंट एकाच ठिकाणी नोंदायचे. डॉक्टरांनी परस्पर कुणाला ‘या पाच वाजता’ म्हटलं, तरी तेही तिथेच.

खरी कसोटी सोनोग्राफीची. पित्ताशय बघायचं तर आधी सहा ते आठ तास पोटात काही नको. दुपारी चारची वेळ रिकामी दिसली म्हणून कुणी ती घेतली, की तो माणूस दिवसभर उपाशी. म्हणून या तपासणीसाठी सॉफ्टवेअरमध्ये सकाळच्याच वेळा उघड्या ठेवल्या आहेत. ओटीपोटाच्या तपासणीला उलट, भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून बसावं लागतं. आधीचा पेशंट लांबला तर अशी ताटकळलेल्या बाईचे हाल मला बघवत नाहीत, म्हणून तिच्या आधी दहा मिनिटं मोकळी सोडतो. गरोदर बाई असेल तर गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याप्रमाणे ‘एफ’ फॉर्म भरायचा असतो, त्याचाही वेळ धरावा लागतो. हे सगळं तपासणीच्या प्रकाराशी एकदा जोडून ठेवलं की रोज आठवावं लागत नाही. उपाशी यायचं की पाणी पिऊन, हे आठवणीच्या मेसेजमध्येच मराठीत जातं.

कॅलेंडर सामायिक असलं तरी पेशंटचं दुखणं सामायिक नसतं. दातांच्या डॉक्टरांना ‘खोली भरलेली’ एवढं दिसलं की पुरे. आत कोण आहे आणि कशासाठी, ते त्यांना कशाला?

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. सगळ्या वेळा ऑनलाइन उघडायच्या नाहीत. मे 2021 मध्ये 18 ते 44 वयाच्या लोकांसाठी कोविडची लस सुरू झाली, तेव्हा सरकारच्या कोविन पोर्टलवर आधी वेळ घेणं सक्तीचं होतं. स्लॉट उघडले की बघता बघता संपायचे, आणि शहरातली मुलं गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर पोचायची. महिना संपायच्या आत सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीला परवानगी द्यावी लागली. पाटण, ढेबेवाडीकडून एसटीने येणाऱ्या आजींना फोन लावता येतो, ओटीपी टाकता येत नाही. त्यांची वेळ गाडीवर ठरते. म्हणून रोजच्या काही वेळा आम्ही फोनसाठी राखतो आणि आदल्या संध्याकाळपर्यंत भरल्या नाहीत तर ऑनलाइन सोडतो. सॉफ्टवेअर दाखवायला कुणी आलं की रंगीत पडदे बघण्याआधी मी हेच विचारते: यात राखीव वेळा ठेवता येतात का, आणि त्या सोडायची वेळ मला ठरवता येते का?