हवाई अंतर व उड्डाणकाल

हवाई अंतर व उड्डाणकाल : दोन विमानतळांना जोडणाऱ्या, भूपृष्ठावरील सर्वांत लहान मार्गाच्या लांबीस हवाई अंतर म्हणतात. पृथ्वी जवळजवळ गोलाकार असल्याने हा मार्ग सरळ रेषा नसून बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने भूपृष्ठावर आखलेल्या वर्तुळाचा, कंस असतो. विमानतळांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असल्यास हे अंतर गणिताने काढता येते. वैमानिकी व्यवहारात ते सागरी मैलांत (१ सागरी मैल = १.८५२ किमी.) मोजतात.

मुंबई व नागपूर या विमानतळांमधील हवाई अंतर सु. ६८५ किमी., तर या शहरांमधील लोहमार्गाची लांबी ८३७ किमी. आहे. घाट, नद्या व वाटेतील गावे यांमुळे भूमार्गास घ्यावी लागणारी वळणे हवाई मार्गास नसतात.

उड्डाणकाल : ताशी ८०० किमी. वेगाने नागपूरचे अंतर ५१ मिनिटांत संपावयास हवे. परंतु वेळापत्रकात सु. दीड तास दिलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा उभे राहीपर्यंतचा काळ त्यात धरतात. धावपट्टीकडे जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे व गर्दीच्या विमानतळावर पाळीची वाट पाहणे यांत बराच वेळ जातो. उंचावरील वाऱ्यांचाही परिणाम होतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्यांमुळे मुंबईहून लंडनला जाण्यास परतीच्या प्रवासापेक्षा सामान्यतः अधिक वेळ लागतो. हवाई क्षेत्र बंद झाल्यास मार्गही लांबतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानच्या हवाई क्षेत्रावरील निर्बंधांमुळे दिल्लीहून यूरोपकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला.

वसई-विरारचे उदाहरण : पालघर जिल्ह्यातील (स्थापना २०१४) वसई-विरार या महानगरपालिका-क्षेत्रास (स्थापना २००९) स्वतःचा विमानतळ नाही. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ वसई रोड स्थानकापासून सरळ रेषेत सु. ३३ किमी. आहे. नवी मुंबई विमानतळ सु. ५० किमी. असून तेथील प्रवासी वाहतूक डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. वसई व साष्टी यांमध्ये उल्हास नदीची खाडी आहे. लोहमार्ग नायगाव–भाईंदर दरम्यान ती पुलावरून थेट ओलांडतो. मात्र मोटारींना पूर्वेकडे महामार्गावर येऊन वरसावे येथील पूल गाठावा लागतो.

विरार–अंधेरी हे ३८ किमी. अंतर लोकलने कापण्यास पाऊण ते एक तास लागतो. पुढे विमानतळ गाठणे, तेथे सु. एक तास आधी हजर असणे, प्रत्यक्ष उड्डाण व उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडणे हे सर्व धरल्यास विरारच्या प्रवाशाचा नागपूरचा प्रवास चार-साडेचार तासांचा होतो. त्यातील हवेतील भाग जेमतेम एक-चतुर्थांश असतो. उरलेला भागच अधिक अनिश्चित. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून वसई–विरार दरम्यानची लोकल वाहतूक थांबली होती. अशा दिवशी विमान वेळेवर सुटले, तरी प्रवासी ते गाठू शकत नाही. त्यामुळे विमानप्रवासाची तुलना रेल्वेशी करताना उड्डाणकालाऐवजी घरापासून इच्छित स्थळापर्यंतचा एकूण काळ विचारात घेणे योग्य ठरते. अंतर जितके कमी, तितके विमानाच्या वेगाचे महत्त्व घटते. दीर्घ अंतरावर मात्र भूमार्गावरील हा वेळ तुलनेने अल्प ठरतो.