रोगजंतूला बेडी कशी घालणार?

बालमित्रांनो, चोर आला की पोलीस त्याला पकडतात, हे काही तुम्हाला शिकवावं लागत नाही. पण डोळ्यांना न दिसणारा रोगजंतूच गावात शिरला तर? त्याला ना बेडी घालता येते, ना कोठडीत टाकता येतं. मग पोलीस ठाणं करतं तरी काय?

तुमच्यातले धाकटे २०२० साली अंगणवाडीत असतील. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाला महासाथ म्हटलं आणि दोनच दिवसांनी महाराष्ट्र सरकारनं एक जुना कायदा लागू केला, १८९७ चा साथरोग कायदा. मूळचा अवघा चार कलमांचा, बरं का! मुंबई-पुण्यात प्लेग पसरला तेव्हा इंग्रजांनी तो केला. त्याच प्लेगात आमच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकी, सावित्रीबाई फुले, रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पुण्यात मात्र रँडसाहेबाचे सोजीर घराघरांत, थेट देवघरापर्यंत घुसले. लोक इतके चिडले, की चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. साथ आवरायला माणसं धाडली आणि लोक रोगापेक्षा त्यांनाच भ्यायले!

आता २०२० कडे येऊ. आमच्या कोरेगाव तालुक्यात कोरेगाव, रहिमतपूर आणि वाठार स्टेशन अशी तीन पोलीस ठाणी. गावं शंभरावर, पोलीस मोजके. रस्त्यांवर नाकाबंदी करायची, दूध-भाजी-औषधांच्या गाड्या सोडायच्या, बाकीच्यांना परत फिरवायचं. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर पोलिसांचा पास लागे. ऑगस्ट २०२० संपेपर्यंत ही पासची भानगड होती. बाहेरून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारलेला असे, निवडणुकीच्या शाईसारखा न पुसला जाणारा. शिक्का असलेला माणूस बाजारात दिसला की त्याला घरी पोचवायचं. नाक्यांवर पोलिसांच्या जोडीला कित्येक ठिकाणी आम्ही शिक्षकही होतो. खडूऐवजी हातात वही, गाड्यांचे नंबर लिहायला!

खरी कसोटी मे महिन्यात लागली. सातारा जिल्ह्यातली कितीतरी माणसं मुंबईत माथाडी कामगार आहेत. काम बंद, खोली लहान. ती गावाकडे निघाली. इकडे काही गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकलेल्या! आपलाच भाऊ, पण त्याला आत घ्यायला भीती. अशा वेळी ठाण्याचा माणूस पोचेपर्यंत गावचा पोलीस पाटीलच पुढे होतो. १९६७ च्या कायद्यानं त्याचं काम ठरवून दिलं आहे. सरपंच, आशाताई आणि तो, असे मिळून लोकांची समजूत काढत. मग मुंबईहून आलेल्यांची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत होई. तुम्ही ज्या वर्गात पाढे म्हणता, तिथं तेव्हा सतरंज्या अंथरलेल्या होत्या.

पोलिसांनाही घर होतंच की! दिवसभर शेकडो माणसांशी बोलून आलेले बाबा आधी बाहेरच आंघोळ करत आणि पोरांना लांबूनच हात हलवत. राज्यात शेकडो पोलीस या रोगानं दगावले. मुंबईत पंचावन्न वर्षांवरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं होतं.

पण काही ठिकाणी उलटंही घडलं. लोकांना भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या, पाठीवर काठ्या बसल्या. तामिळनाडूत सातनकुलम गावी तर दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवल्याच्या आरोपावरून जून २०२० मध्ये बाप-लेकाला पकडलं आणि कोठडीतल्या मारहाणीनंतर दोघंही दगावले. पालकहो, हे मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. नियम मोडला तर पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा. शिक्षा द्यायची की नाही, हे न्यायालय ठरवतं. साथीच्या काळातही हे बदलत नाही.

तुमच्या गावच्या पोलीस पाटलांना एकदा भेटा. त्या वेळी वेशीवर काय झालं, कोणाची समजूत कशी काढली, ते विचारा आणि वहीत लिहून काढा. आजी-आजोबांना पूर्वीच्या साथींबद्दल काही ऐकून ठाऊक असेल, तर तेही त्याच वहीत लिहा.