लोकलचा फोटो : गुन्हा, पुरावा की आठवण?

मुंबईत राहणाऱ्या कष्टकरी माणसाचे अर्धे आयुष्य लोकलमध्ये जाते असे म्हणतात. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. कल्याण-कर्जतहून, विरार-पालघरहून, पनवेलहून रोज लाखो माणसे या गाड्यांतून पोटासाठी ये-जा करतात. पण आपल्या घरातील जुना अल्बम उघडून पाहा. लग्नाचे फोटो सापडतील, बारशाचे सापडतील, शाळेच्या गॅदरिंगचे सापडतील. ज्या गाडीने आपले घर चालवले तिचा मात्र एकही फोटो सापडणार नाही.

याचे एक कारण म्हणजे गरिबी. रोलचा आणि धुलाईचा खर्च परवडत नव्हता, मग गाडीवर कोण रोल वाया घालवणार? दुसरे कारण म्हणजे भीती. 'येथे फोटो काढण्यास मनाई आहे' असा फलक आणि त्याखाली उभा असलेला शिपाई. कॅमेरा दिसला की दरडावणे, रोल काढून घेणे, चौकीत बसवून ठेवणे हे प्रकार जुन्या लोकांना चांगले ठाऊक आहेत.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आपली मुले-मुली फलाटावर, दारात, पुलावर सर्रास चित्रण करतात. त्यातले काही निष्पाप असते, काही उपयोगी असते आणि काही जीवघेणे असते. म्हणून प्रत्येक घराने हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

बंदीचे मूळ कोठे आहे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी सुरू झाली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९२३ साली, इंग्रज सरकारने शासकीय गुपिते कायदा केला होता. हेरगिरी रोखणे हा त्याचा हेतू. रेल्वेने सैन्य जाते, दारूगोळा जातो. पूल पाडला की शत्रूचे काम सोपे होते. त्यामुळे पूल, यार्ड, सिग्नल यांचे नकाशे व फोटो शत्रूच्या हाती पडू नयेत असा विचार त्यामागे होता.

इंग्रज गेले, कायदा राहिला. पुढे ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात बॉम्बस्फोट झाले आणि १८० हून अधिक निरपराध प्रवासी मारले गेले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी गोळीबार केला. त्यानंतर पोलिसांच्या मनात संशय वाढला आणि तो स्वाभाविकच होता. मे २०२५ मध्ये पूर्व रेल्वेनेही स्थानकांवर चित्रण करणाऱ्या व्हिडिओवाल्यांना इशारा दिला.

कायदा काय सांगतो?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. १९२३ च्या कायद्यात 'निषिद्ध जागा' कोणती याची व्याख्या दिलेली आहे. केंद्र सरकारने अधिसूचना काढून तसे जाहीर केले तर रेल्वेची जागाही निषिद्ध ठरू शकते. म्हणजे प्रत्येक स्थानक, प्रत्येक फलाट आपोआप निषिद्ध ठरत नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असाच एक निकाल दिला. पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढल्याबद्दल एका माणसावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. पोलीस ठाणे हे या कायद्यातील व्याख्येनुसार निषिद्ध ठिकाण नाही, असे सांगून न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. हा निकाल रेल्वेविषयी नाही. पण कायद्यातील शब्द तपासल्याशिवाय कोणालाही हेर ठरवता येत नाही, एवढा बोध त्यातून नक्की मिळतो.

मात्र याचा अर्थ वाटेल तेथे कॅमेरा रोखावा असा नाही. रेल्वे कायदा १९८९ चे कलम १४७ सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा तर गुन्हा आहेच. पण रीतसर आत येऊन मग निघून जाण्यास सांगितल्यावर नकार देणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे फोटोवरून सुरू झालेली हुज्जत भलत्याच कलमात अडकवू शकते. रुळांत उतरून काढलेला फोटो तर थेट याच कलमात बसतो.

सिनेमावाल्यांची गोष्ट वेगळी आहे. 'बातों बातों में' (१९७९) मध्ये लोकल दिसली, 'स्लमडॉग मिलेनियर' (२००८) चे शेवटचे गाणे सीएसटीच्या फलाटावर झाले, 'द लंचबॉक्स' (२०१३) मध्येही लोकल आहे. अशा धंदेवाईक चित्रणासाठी रेल्वेकडून रीतसर परवानगी घ्यावी लागते, शुल्क भरावे लागते. परवानगी आणि पैसा असला की तोच फलाट खुला होतो. गरिबाच्या पोराला मात्र तेथेच हटकले जाते. हा फरक डोळ्यांत भरतो खरा.

फोटो जेव्हा साक्ष देतो

२६ नोव्हेंबरच्या त्या रात्री 'मुंबई मिरर' दैनिकाचे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा सीएसटीवर धावले. फलाटावर उभ्या असलेल्या गाडीच्या डब्यात लपून त्यांनी हातात बंदूक घेतलेल्या कसाबचा फोटो टिपला. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि तो फोटो खटल्यातील महत्त्वाचा पुरावा ठरला. ज्या कॅमेऱ्याकडे संशयाने पाहिले जाते, तोच कॅमेरा न्यायाच्या कामी आला.

दुसरे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या काळजात रुतलेले आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, ऐन पावसात, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसे गेली. कामावर निघालेली, घरी परतणारी साधी माणसे होती ती. पूल अरुंद आहे, जीव गुदमरतो, अशी ओरड प्रवासी आधीपासून करीत होते. नंतर लष्कराला पाचारण करून नवा पूल बांधण्यात आला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

तुटलेली पायरी, उखडलेली फरशी, बंद पंखा, फलाट आणि डबा यांच्यातली जीवघेणी फट यांचा फोटो काढणे म्हणजे गंमत नव्हे. ती तक्रार आहे. रेल्वेच्या 'रेल मदद' या ॲपवर तक्रारीसोबत फोटो जोडण्याची सोय स्वतः रेल्वेनेच करून दिली आहे. म्हणजे रेल्वेलाही आपला फोटो हवा आहे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. तारीख, वेळ, स्थानक, फलाट क्रमांक आणि फोटो असलेली तक्रार नोंदली जाते. तिचा क्रमांक जपून ठेवावा व महिन्याभराने पुन्हा विचारणा करावी.

रीलचे वेड आणि पंचवीस हजार व्होल्ट

आता नाण्याची दुसरी बाजू. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर प्रत्येकी दोन हजारांहून अधिक माणसे मेली. रूळ ओलांडताना, गर्दीत दारातून पडून. ही गर्दी आपण निर्माण केलेली नाही, ती आपल्यावर लादलेली आहे. पण त्यात आपणहून भर घालणारा एक नवा प्रकार आला आहे. दारात लटकून, फलाटावर पाय घासत, खांबांना चुकवत व्हिडिओ काढायचा आणि दुसऱ्यांना दाखवायचा. अशाच एका तरुणाचा व्हिडिओ २०२४ मध्ये गाजला. रेल्वे पोलीस त्याला शोधत घरी पोहोचले तेव्हा कळले की नंतरच्या अशाच एका प्रयत्नात तो एक हात आणि एक पाय गमावून बसला आहे.

वडीलधाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. 'आमच्या वेळी आम्ही टपावर बसून जायचो' ही फुशारकी आता बंद करावी. तेव्हा वरच्या तारेत १५०० व्होल्टचा दाब होता आणि तेव्हाही माणसे मरत होतीच. पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये हा दाब बदलून २५,००० व्होल्ट करण्यात आला. म्हणजे जवळजवळ सतरापट. या तारेला हात लावण्याची गरजच नसते. जवळ गेले तरी हवेतून ठिणगी उडी घेते आणि माणूस जागच्या जागी भाजतो. यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीवर चढून सेल्फी घेणे, पुलावरून तारेकडे सेल्फीची काठी लांब करणे हे मरणाला आमंत्रण आहे.

बाईच्या संमतीचा प्रश्न

५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली महिला विशेष लोकल सुरू झाली. त्या डब्यात बाई भाजी निवडते, डबा खाते, दमून डोळा लागतो तिचा. हे तिचे हक्काचे दोन तास असतात. समोरच्या बाकावरून, शेजारच्या डब्याच्या जाळीतून कोणी तिचे चोरून चित्रण करीत असेल तर ती थट्टा नव्हे. स्त्रीचा अपमान करण्याच्या हेतूने तिच्या खाजगीपणात घुसखोरी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे, आणि तिच्या खाजगी क्षणांचे चोरून चित्रण करणे हा कलम ७७ खाली. असे घडल्यास भगिनींनी गप्प बसू नये. आरडाओरड करावी, १३९ क्रमांकावर कळवावे. आणि आपल्या मुलांनाही शिकवावे : गाडीचा फोटो काढ, पण माणसाचा काढताना आधी विचार.

अडवले तर काय करावे?

१. तिकीट, पास किंवा फलाट तिकीट जवळ असल्याशिवाय कॅमेरा काढूच नये. बिनतिकीट सापडलात तर तुमची बाजू तेथेच पडली.

२. फलाटाच्या पिवळ्या रेषेच्या आत उभे राहावे. मोटरमनच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये. सिग्नल केबिन, यार्ड, खाडीवरील पूल आणि जेथे मनाईचा फलक आहे तेथे चित्रण करू नये.

३. शिपायाने हटकल्यास नम्रपणे थांबावे. नाव, कामाचे ठिकाण, फोटोचे कारण सांगावे. जा म्हटले तर निघून जावे. वाद घालायचा तो नंतर, लेखी.

४. फोन काढून घेतला तर जप्तीची लेखी नोंद मागावी. गुन्ह्याच्या तपासात वस्तू जप्त करण्याची रीत कायद्याने ठरवून दिलेली आहे. 'मिटवून टाकू' म्हणून पैसे देऊ नयेत.

५. मूल अल्पवयीन असेल तर पालकांना ताबडतोब बोलावण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक मुलाला घरातल्या एका माणसाचा नंबर तोंडपाठ असावा.

आपला इतिहास आपणच जपावा

२००७ पासून पांढऱ्या-जांभळ्या गाड्या आल्या आणि हळूहळू पिवळ्या-चॉकलेटी लोकल दिसेनाशा झाल्या. त्या गाड्यांनी गिरणी कामगाराला पाळीवर नेले. १९८२ च्या संपानंतर हाताला काम शोधत फिरणाऱ्यालाही त्यांनीच वाहिले. आपल्यापैकी कितीतरी घरांतील माणसे गँगमन, खलाशी, हमाल म्हणून रेल्वेत राबली, परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये झिजली. त्यांच्या हातांचे फोटो कोणी काढले? आज त्या जुन्या गाड्यांचे जे फोटो मिळतात ते बहुतेक हौशी रेल्वेप्रेमींनी, शिपायांची नजर चुकवून किंवा त्यांची मनधरणी करून काढलेले आहेत.

म्हणून या रविवारी एक काम करावे. घरात कोणी निवृत्त रेल्वे कामगार असतील तर त्यांना जवळच्या स्थानकावर घेऊन जावे. फलाट तिकीट काढावे. बाकावर बसवून, मागे गाडी उभी असताना त्यांचा एक फोटो घ्यावा. ते कोणत्या खात्यात होते, किती पगार होता, कोणत्या साली लागले हे सर्व विचारून फोटोच्या मागे लिहून ठेवावे. जे विचारले नाही ते त्यांच्याबरोबरच जाईल.