पक्की मांड

‘शी वोअर अ यलो रिबन’ या १९४९ च्या चित्रपटात सार्जंट टायरीच्या पाठीमागे शत्रूचे स्वार लागतात आणि मॉन्युमेंट व्हॅलीच्या तांबड्या मातीवरून त्याचा घोडा चौखूर सुटतो. या दौडीत घोड्यापेक्षा स्वाराकडे नीट पाहावे. कंबरेखाली तो घोड्याचाच भाग झालेला असतो आणि कंबरेवर जवळजवळ निश्चल. खांदे सैल, लगामाचा हात खाली. वाटेत घळ आडवी येते, घोडा ती उडी मारून ओलांडतो, तरी खोगिरावरची मांड तसूभर ढळत नाही. घोडेस्वारीतले ओ की ठो न कळणाऱ्या प्रेक्षकालाही इथे काही खरे चालले आहे हे उमगते.

हा टायरी म्हणजे बेन जॉन्सन. आपल्याकडे वेस्टर्न म्हटले की ‘मॅकेनाज गोल्ड’ आठवतो, जॉन वेन किंवा क्लिंट ईस्टवुड आठवतात. जॉन्सनचे नाव सहसा निघत नाही, चेहरा मात्र अनेकांनी पाहिलेला असतो: नायकाच्या डाव्या हाताला, थोडा मागे, घोड्यावर. अमेरिकेच्या पश्चिमेची जी दंतकथा हॉलिवूडने अर्धशतकभर विकली, तिच्यात कामकरी गुराख्याचे खरे अंग आणि खरी सवय आणणारी माणसे थोडी होती. माझ्या मते त्यांत जॉन्सन पहिला. तो कधी नट झालाच नाही असे तो स्वतः म्हणत असे. हे मला पटत नाही. मात्र त्याचा अभिनय शाळेत किंवा रंगमंचावर घडलेला नव्हता, तो कुरणात घडला, हे खरे.

त्याचा जन्म १३ जून १९१८ चा, ओक्लाहोमा राज्यातल्या ओसेज काउंटीत, फोरेकर नावाच्या खेड्यात. हा मुलूख ओसेज लोकांचा. जमिनीखाली तेल सापडले, ओसेजांकडे अमाप पैसा आला आणि त्या पैशासाठी त्यांचे खून पडू लागले ते जॉन्सनच्या बालपणीच. ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ ज्यांनी पाहिला, त्यांनी हा परिसर पाहिलेला आहे. तिथे पुरुषभर उंचीचे गवत वाढते आणि त्यावर गुरे पोसली जातात. वडिलांचे नावही बेन जॉन्सनच. ते चॅपमन-बर्नार्ड या लाखभर एकरांच्या रँचवर मुकादम होते आणि बैलाला दोर टाकून पाडण्याच्या शर्यतीत नावाजलेले. मुलगा चालायला लागल्यापासून घोड्यावर. अमेरिकन काउबॉय हा आपल्या मराठेशाहीतल्या बारगिरासारखा असतो: घोडा मालकाचा, पोट मालकाच्या पगारावर. खोगीर तेवढे स्वतःचे. तरुण बेनला दिवसाला एक डॉलरच्या आसपास मिळत असे.

१९४० च्या सुमारास हॉवर्ड ह्यूज हा विमानांचा आणि चित्रपटांचा वेडा कोट्यधीश ‘द आउटलॉ’ काढत होता. त्याला घोडे हवे होते. ते चॅपमन-बर्नार्डकडून घेतले गेले आणि ते ॲरिझोनातल्या चित्रीकरणाच्या जागी नेऊन पोचवण्याचे काम बावीस वर्षांच्या बेनवर आले. तिथून घोड्यांबरोबर तो हॉलिवूडला गेला. पहिला धनादेश तीनशे डॉलरचा हातात पडला, तेव्हा सोटा घेऊन मागे लागले असते तरी मी ओक्लाहोमाला परतलो नसतो, असे तो पुढे सांगे. लोक हॉलिवूडला चेहरा घेऊन जातात, हा घोड्यांचा डबा घेऊन गेला.

तिथे त्याची गाठ फॅट जोन्सशी पडली. नॉर्थ हॉलिवूडमध्ये या माणसाची मोठी पागा होती. चित्रपटांना घोडे, गाड्या, खोगिरे, सगळे भाड्याने पुरवायची. जोन्सच्या मुलीशी, कॅरलशी, बेनने १९४१ मध्ये लग्न केले आणि ते १९९४ साली तिच्या मृत्यूपर्यंत टिकले. या पागेबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण जॉन्सनची खरी कार्यशाळा तीच. त्या आधीच्या काळात घोडा पाडायचा तर त्याच्या पुढच्या पायांना तारा बांधत. भरधाव घोडा ठरलेल्या अंतरावर पोचला की तार ताणली जाई आणि तो तोंडघशी पडे. कित्येक जनावरे मेली, लुळी झाली. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’मध्ये एक घोडा कड्यावरून पाण्यात ढकलला गेला आणि मेला. त्यावर एवढा गहजब झाला की अमेरिकन ह्युमेन असोसिएशनचे निरीक्षक चित्रीकरणावर येऊ लागले. मग शिकवलेल्या घोड्यांचे महत्त्व वाढले. स्वाराने लगामाने मान वळवून इशारा केला की मऊ केलेल्या जमिनीवर कुशीवर पडणारे घोडे तयार होऊ लागले. असा घोडा आणि असा स्वार यांची जोडी जमायला महिने लागतात. जॉन्सन या जोडीतला स्वार होता. गॅरी कूपर, जेम्स स्टुअर्ट, जॉन वेन यांच्या जागी घोडा उधळवणारा तो असे. पडद्यावर नाव त्यांचे, धूळ याच्या नाकात.

१९४८ चा ‘फोर्ट अपाची’. दिग्दर्शक जॉन फोर्ड, आणि जॉन्सन हेन्री फोंडाचा डबल. चित्रीकरणात एका वॅगनचे घोडे बिथरले. आत तीन माणसे. जॉन्सन घोड्यावर तयारच होता. त्याने दौड मारून गाडीला गाठले आणि घोडे आवरले. ‘याचे बक्षीस तुला मिळेल,’ अशा अर्थाचे फोर्ड काहीतरी बोलला. पुन्हा एखादे स्टंटचे काम मिळेल, एवढीच जॉन्सनची अपेक्षा. मिळाला तो सात वर्षांचा करार. पाचव्या ओळीत आठवड्याला पाच हजार डॉलर हा आकडा दिसला, पुढचे वाचलेच नाही, सही करून टाकली, असे तो सांगे.

फोर्डकडे त्याने ‘थ्री गॉडफादर्स’, ‘शी वोअर अ यलो रिबन’, ‘वॅगन मास्टर’ आणि ‘रिओ ग्रांदे’ केले. ‘रिओ ग्रांदे’साठी तो आणि हॅरी केरी ज्युनियर दोन घोड्यांच्या पाठींवर एकेक पाय ठेवून, उभ्याने दौडायला शिकले. पडद्यावर उडी घेतात ते तेच दोघे, डबल नाहीत. पण माझा जीव अडकतो तो ‘वॅगन मास्टर’मध्ये. युटातल्या मोआबच्या आसपास चित्रित झालेला हा १९५० चा चित्रपट. त्यात कुणी मोठा तारा नाही आणि म्हणूनच जॉन्सनला पुढे यायला जागा आहे. तो घोड्यांचा व्यापारी ट्रॅव्हिस ब्लू, मॉर्मनांच्या तांड्याचा वाटाड्या होतो. माणसावर कधी बंदूक रोखली का, असे विचारल्यावर तो सांगतो की फक्त सापांवर. शेवटी तांड्याला वेठीस धरणाऱ्या गुंडांना गोळ्या घालाव्या लागतात. तोच प्रश्न पुन्हा येतो, उत्तरही तेच येते आणि तो पिस्तूल फेकून देतो. या प्रसंगात त्याच्या चेहऱ्यावर शौर्य नाही, एक ओंगळ काम करावे लागल्याचा उबग आहे. वेस्टर्नने मूळनिवाशांना बहुतेक वेळा गोळ्यांची शिकार म्हणूनच दाखवले, आणि फोर्डचे चित्रपटही त्या दोषातून सुटत नाहीत. याच चित्रपटात मात्र नाव्हाहो आणि मॉर्मन एका शेकोटीभोवती नाचतात. जॉन्सनच्या स्वतःच्या वंशात आयरिश आणि चेरोकी दोन्ही रक्त होते, हे इथे आठवते.

फोर्ड आपल्या माणसांना चारचौघांत पाणउतारा करून वाकवत असे. ‘रिओ ग्रांदे’च्या मुक्कामी एके रात्री जेवणाच्या टेबलावर जॉन्सन शेजारच्या केरीशी पुटपुटला की आज गोळ्या पुष्कळ सुटल्या, पडले थोडेच. फोर्डने ते ऐकले आणि काय म्हणालास ते सगळ्यांना सांग म्हणून सुनावले, वर मूर्ख म्हटले. जॉन्सन उठला, फोर्डच्या कानाशी दोन शब्द बोलला आणि बाहेर चालता झाला. केरीने आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आहे. ज्याच्या पुढे जॉन वेनही मान खाली घाली, त्याला असे उत्तर देणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे होते. त्यानंतर १९६४ च्या ‘शायेन ऑटम’पर्यंत फोर्डच्या चित्रपटात तो दिसला नाही. आठवड्याचे पाच हजारही गेले. स्टंटच्या कामातून वर आलेल्या माणसाने एवढे सोडावे याला मी नुसता तापटपणा म्हणणार नाही. रँचवर माणसाची किंमत कामावरून होते, मालक कितीही मोठा असो. तो त्याच हिशेबाने वागला.

मग त्याने सिनेमा बाजूला ठेवला आणि १९५३ मध्ये वर्षभर रोडिओ केला. वडील विजेते होते, ते मनात होतेच. त्याचा प्रकार ‘टीम रोपिंग’: सुटलेल्या बैलावर दोन स्वार धावतात, एक शिंगांत फास टाकतो, दुसरा मागच्या पायांत, आणि निकाल सेकंदांत लागतो. रोडिओत पगार नसतो. प्रवेश फी आपली, प्रवास आपला, घोड्याचा चारा आपला. जिंकलो तर पैसे. तो त्या वर्षीचा जगज्जेता ठरला आणि वर्ष संपले तेव्हा हाती झिजलेली मोटार आणि संतापलेली बायको एवढेच होते, असे त्याने सांगितले आहे. परत हॉलिवूडला यावे लागले. पुढे ऑस्कर मिळाल्यावर रोडिओचे जगज्जेतेपद आणि ऑस्कर दोन्ही मिळवणारा तो एकटाच ठरला.

त्याच १९५३ मध्ये ‘शेन’ प्रदर्शित झाला. दारूच्या गुत्त्यात सोडा मागणाऱ्या शेनच्या सदऱ्यावर दारू उडवणारा दांडगट कॅलोवे म्हणजे जॉन्सन. पुढे तोच पश्चात्तापाने येऊन शेनला सावध करतो. चार-दोन वाक्यांत एवढे वळण आणि ते खोटे वाटत नाही.

दूरचित्रवाणीचे सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत संध्याकाळच्या वेळी पंचवीसहून अधिक वेस्टर्न मालिका चालत, आणि घोडा चांगला चालवणाऱ्या नटाला काम कमी नव्हते. ‘गनस्मोक’, ‘बोनान्झा’, ‘हॅव गन विल ट्रॅव्हल’, ‘द व्हर्जिनियन’, सगळीकडे तो पाहुणा म्हणून येऊन गेला. १९६६ मध्ये ‘द मन्रोज’मध्ये कायमची भूमिका मिळाली, ती मालिका एका हंगामात बंद पडली. हे पोटापाण्याचे काम होते आणि ते त्याने नेकीने केले.

मोठ्या पडद्यावर मात्र वेस्टर्नची जात बदलत होती. मार्लन ब्रँडोच्या ‘वन-आइड जॅक्स’मध्ये तो खल झाला. सॅम पेकिनपाच्या ‘द वाइल्ड बंच’मध्ये (१९६९) टेक्टर गॉर्च हा उतारवयाचा, रासवट दरोडेखोर. शेवटी विल्यम होल्डन, अर्नेस्ट बोर्गनाइन, वॉरन ओट्स आणि जॉन्सन असे चौघे मरण पत्करून गावातून चालत जातात. पेकिनपाला ती चाल चित्रीकरणाच्या जागीच सुचली आणि त्याने ती वाढवली. घोड्यावरच शोभणारा हा माणूस पायीही तेवढाच भारदस्त दिसतो, हे मला तिथे पहिल्यांदा दिसले.

आणि मग ‘द लास्ट पिक्चर शो’. लॅरी मकमर्ट्रीची कादंबरी, पीटर बॉग्दानोविचचे दिग्दर्शन, टेक्सासमधल्या आर्चर सिटीत कृष्णधवल चित्रीकरण. सॅम द लायन हा गावातल्या पूल हॉलचा, खानावळीचा आणि मरणपंथाला लागलेल्या थिएटरचा मालक. जॉन्सनने नकार दिला. संवाद फार आहेत, हे एक कारण. दुसरे, शिव्या फार आहेत. बायकामुलांसमोर जे बोलत नाही ते पडद्यावरही बोलणार नाही, हा त्याचा नेम होता. बॉग्दानोविचने फोर्डला मध्ये घातले. वीस वर्षांपूर्वी भांडण झालेल्या त्याच फोर्डने फोन करून विचारले, जन्मभर वेनचा जोडीदार म्हणूनच राहायचे आहे का? जॉन्सन तयार झाला, पण आपल्या वाट्याचे संवाद स्वतः साफ करून घेण्याच्या अटीवर. शिव्या काढल्याने सॅम मिळमिळीत झाला नाही. कुणाला न सुनावताही गावाला ज्याची जरब वाटते, असा माणूस झाला.

तळ्याकाठचा प्रसंग ज्याने पाहिला तो विसरत नाही. सॅम पोरांना घेऊन मासे धरायला आला आहे. मासे तिथे नाहीत हे त्याला माहीत आहे. तो वीस वर्षांपूर्वीच्या एका उन्मुक्त तरुणीची गोष्ट सांगू लागतो, इथेच घोड्यांसकट पाण्यात शिरलेली. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याकडे सरकतो. जॉन्सन हुंदका देत नाही, आवाज चढवत नाही. एका जागी किंचित हसतो आणि त्याच हसण्यात वय झाल्याचे कळते. भरधाव घोड्यावर अंग स्थिर ठेवणारी जी शिस्त, तीच इथे चेहऱ्यावर आहे. अख्ख्या चित्रपटात तो जेमतेम दहा मिनिटे दिसतो आणि मध्येच, पडद्याआड मरतो. पण त्यानंतरचे सगळे त्याच्यावाचून उजाड वाटते.

१० एप्रिल १९७२ च्या ऑस्कर सोहळ्यात चार्ली चॅप्लिनला मानद ऑस्कर मिळाले आणि साहाय्यक अभिनेत्याचे जॉन्सनला. ते घेताना, यापेक्षा भल्या माणसाला हे मिळूच शकले नसते, असे काहीतरी तो मोकळेपणाने बोलून गेला आणि सभागृह हसले. मानधन वाढले, स्वभाव बदलला नाही. पेकिनपाचा रोडिओवरचा ‘ज्युनियर बॉनर’ केला. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘द शुगरलँड एक्स्प्रेस’मध्ये पळून चाललेल्या पोरवयाच्या जोडप्याला जिवंत वाचवू पाहणारा पोलीस अधिकारी केला. ही भूमिका सॅमच्या खालोखाल मोलाची, आणि तिची चर्चा फारच कमी झाली याचे मला वाईट वाटते. पुढची वर्षे त्याने नामवंतांना घोड्यावर बसवून धर्मादाय रोडिओ भरवले.

८ एप्रिल १९९६ रोजी ॲरिझोनातल्या मेसा इथे तो हृदयविकाराने गेला. वय ७७. नव्वदी ओलांडलेल्या आईला भेटायला गेला होता. दफन ओसेज काउंटीतल्याच पॉहस्का गावी झाले. वडील ज्या रँचवर मुकादम होते तिचा मोठा भाग आता राखीव गवताळ प्रदेश आहे आणि तिथे बायसन सोडले आहेत. शेवटचा चित्रपट ‘द इव्हनिंग स्टार’ त्याच्या पश्चात, त्याच वर्षाच्या अखेरीस आला. तोही मकमर्ट्रीच्या कादंबरीवरचा.

त्याचे काम नव्याने पाहायचे असेल, तर ‘द लास्ट पिक्चर शो’पासून सुरुवात करू नये. आधी ‘वॅगन मास्टर’ पाहावा, मग ‘शेन’, मग ‘द वाइल्ड बंच’. या क्रमाने आले म्हणजे तळ्याकाठी बसलेल्या सॅमने घोड्यांचा उल्लेख करताच तो कुठल्या घोड्यांबद्दल बोलतो आहे, हे सांगावे लागत नाही.