शौकिनांची सामायिक खरेदी : आधी पैसा, मग ऑर्डर

नागपूर-हैदराबाद महामार्गावरील पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथील मोटारशौकीन तरुणांना उत्तम प्रतीचे शॉकअप, ब्रेक पॅड किंवा अलॉय व्हील हवे असले की नागपूर, मुंबई किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजाराकडे पाहावे लागते. एकट्याने माल मागविला तर किरकोळ भाव पडतो आणि वाहतूकही. म्हणून आठ-दहा जणांनी मिळून माल मागविणे फायद्याचे वाटते. आम्हा कापड व्यापाऱ्यांना ही रीत नवी नाही. एका दुकानाला पूर्ण गाठ पेलत नसेल तर तिघे मिळून ती उचलतात व ठोक भाव पदरात पाडून घेतात.

मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. उरलेले कापड दुसरे गिऱ्हाईक घेते. एका गाडीचा शॉकअप दुसऱ्या गाडीला बसेलच असे नाही. समजा, १२,००० रुपयांचा संच आठ जणांना १०,५०० रुपयांत मिळाला आणि वाहतुकीस एकूण २,४०० रुपये लागले. सर्वांची मिळून बचत झाली ९,६०० रुपये. आता एक जण ऐनवेळी माघारी फिरला तर १०,५०० रुपयांचा संच मध्यस्थाच्या गळ्यात पडतो. एकाच्या बेपर्वाईने आठांची बचत बुडते, वर दोस्तीत कायमची कटुता येते.

म्हणून आमचा सल्ला असा की बयाण्यावर काम करू नये. पूर्ण रक्कम हाती आल्यावरच ऑर्डर द्यावी. गाडीचे मॉडेल, वर्ष आणि भागाचा क्रमांक प्रत्येकाने स्वतः लिहून सही करावी. आमच्या धंद्यात पन्हा चुकला तर शिंपी काहीतरी मार्ग काढतो, पण चाकाच्या बोल्टचे अंतर चुकले तर मार्ग नाही. जमा रक्कम ही अमानत आहे. तिचा हिशेब वेगळा ठेवावा आणि मध्यस्थाला मेहनताना द्यायचा असल्यास तो आधीच उघड ठरवावा. खोका सर्वांसमक्ष उघडावा, म्हणजे तुटफुटीचा वाद राहत नाही.

बिल प्रत्येकाच्या नावे वेगळे मागावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे; पूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. हा कर वाचविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारा गॅरंटीही गमावतो आणि नकली माल निघाल्यास दाद कोणाकडे मागणार?

कायद्याची बाजूही तपासावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील मनमानी फेरबदलास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मूळ मापाचा, चांगल्या प्रतीचा ब्रेक पॅड बसविणे वेगळे आणि कर्णकर्कश सायलेन्सर बसविणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या वस्तू यादीतून आधीच खोडून टाकाव्यात.

आमच्या मते ही पद्धत शिकण्याजोगी आहे. जे तरुण शॉकअपची खरेदी चोख हिशेबाने पार पाडतील, तेच उद्या ट्रॅक्टरचे टायर, बियाणे किंवा दुकानाचा माल एकत्र मागवू शकतील. लहान गावातील गिऱ्हाइकाला मोठ्या बाजारात एकट्याने किंमत नसते. दहा जण रोख रक्कम आणि पक्की यादी घेऊन गेले की व्यापारी खुर्ची पुढे करतो.