७५ हर्ट्‌झची घरघर, ९९० किलोबिटांचे आश्वासन

बिनतारी हेडफोनच्या खोक्यावर दोन प्रकारची आश्वासने छापलेली असतात. एक असते बाहेरचा गोंगाट दाबून टाकण्याचे, आणि दुसरे एलडॅक, एपीटीएक्स, एएसी अशा नावांच्या कोडेकांचे. ही दोन्ही एकाच गुणाची अंगे आहेत अशी समजूत ग्राहकांत आणि पुष्कळदा विक्रेत्यांतही आढळते. वस्तुतः पहिले काम सर्वस्वी हेडफोनच्या आत चालते आणि त्यात फोनचा जवळपास काहीच वाटा नसतो, तर दुसरे काम फोन आणि हेडफोन या दोघांच्या संमतीवाचून होतच नाही. कानाच्या पडद्यापाशी मात्र ही दोन्ही कामे एकत्र येतात, आणि तेथे पहिले फसले तर दुसऱ्याचे मोल किती उरते हे तपासायचे असेल, तर बंगळूरच्या पूर्वेला सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या होसकोटेचा रस्ता हे त्यासाठी चांगले ठिकाण आहे.

एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणारे हे गाव मराठी वाचकाच्या वाटेवरचेच आहे, कारण मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि हुबळी करत चेन्नईला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ बंगळूर सोडल्यावर होसकोटेवरूनच कोलारकडे जात असे. आता त्या तुकड्याला क्रमांक ७५ मिळाला आहे. या परिसरात व्होल्वोचा कारखाना आहे, आणि त्याच रस्त्याने कोलारच्या दिशेने पुढे गेल्यावर नरसापूर लागते, जेथे विस्ट्रॉनने उभारलेला आणि २०२३ मध्ये टाटा समूहाकडे गेलेला आयफोन जोडणीचा कारखाना आहे. म्हणजे ज्या इंजिनांचा आवाज हेडफोनने दाबायचा, ती इंजिने असलेली वाहने आणि ज्या फोनमधून गाणे त्या हेडफोनकडे जायचे ते फोन, असे दोन्ही एकाच रस्त्यावर तयार होतात.

गोंगाट दाबण्याचे तत्त्व जुने आहे. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. चढ असेल तेथे तितकाच उतार आणि उतार असेल तेथे तितकाच चढ निर्माण करणारी दुसरी लहर त्याच जागी त्याच क्षणी पोचवली, तर दोन्ही एकमेकींना छेदतात, ही कल्पना पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाने १९३६ साली मिळालेल्या अमेरिकी पेटंटात मांडली होती. ती हेडफोनमध्ये उतरवण्याचा ध्यास अमर बोस यांनी १९७८ मध्ये झ्युरिकहून बोस्टनला जाणाऱ्या विमानात घेतला. बंगालमधून परागंदा झालेल्या एका क्रांतिकारकाचे हे पुत्र एमआयटीत प्राध्यापक होते, आणि तरीही त्यांच्या कंपनीला वैमानिकांसाठीचा पहिला संच बाजारात आणण्यास १९८९ उजाडले. अडचण तत्त्वात नसते, वेळेच्या हिशेबात असते.

हा हिशेब होसकोटेच्या उदाहरणाने नीट कळतो. मुंबई–पुणे मार्गावरच्या शिवनेरीमुळे मराठी प्रवाशाच्या परिचयाच्या झालेल्या व्होल्वो बी७आर बसचे इंजिन मागे बसवलेले असते आणि त्यास सहा सिलिंडर असतात. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो, त्यामुळे सहा सिलिंडरांचे मिळून एका फेरीत तीन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, म्हणजे सेकंदाला २५, तर सेकंदाला ७५ स्फोट होतात आणि ७५ हर्ट्‌झची घरघर उठते. या लहरीची लांबी साडेचार मीटरांहून थोडी अधिक आणि तिच्या एका आवर्तनाचा काळ सुमारे १३ मिलिसेकंद असतो. छेदणारी लहर एका आवर्तनाच्या सहाव्या भागाइतकी उशिरा आली, की तिचा उपयोग शून्य होतो, आणि त्याहून उशिरा आली तर गोंगाट कमी होण्याऐवजी वाढतो, असे गणित सांगते. ७५ हर्ट्‌झला हा सहावा भाग दोन मिलिसेकंदांहून अधिक भरतो, जो ही लहर तयार करणाऱ्या आजच्या चिपसाठी ऐसपैस अवधी आहे. उलट ट्रकच्या कर्कश हॉर्नमध्ये ३००० हर्ट्‌झचे जे घटक असतात, त्यांच्यासाठी तोच अवधी सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजल्यास केवळ ५६ इतका उरतो, आणि तेवढ्या वेळात ध्वनी जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. हेडफोनच्या बाहेरच्या कवचावरील, गोंगाट टिपणाऱ्या मायक्रोफोनपासून कानापर्यंतचे अंतरही साधारण तेवढेच असते.

यामुळे इंजिनाची संथ घरघर विरते आणि हॉर्न मात्र कानात घुसतो, यात यंत्राचा दोष नसून भौतिकशास्त्राची मर्यादा आहे. उंच वारंवारतेचा, म्हणजे सेकंदाला अधिक कंपने असलेला, आवाज अडवण्याचे काम इलेक्ट्रॉनिक्सवर सोपवलेलेच नसते, ते कानाभोवतीच्या गादीने किंवा कानात बसणाऱ्या रबरी टोकाने करायचे असते. येथे एक गोष्ट सहज दुर्लक्षिली जाते. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कातडी यांच्यात बारीक फट राहते, आणि त्या फटीतून बाहेरची घरघर आत येते ती येतेच, शिवाय गाण्यातला खर्जही बाहेर निसटतो; अशा वेळी मायक्रोफोन कितीही उत्तम असले तरी परिणाम बराच घटतो. दुकानात चष्मा काढून हेडफोन पारखणाऱ्या ग्राहकाने बसमध्येही चष्मा काढून बसायचे ठरवलेले नसेल, तर ती पारख फारशी कामाची नाही.

आता दुसऱ्या आश्वासनाकडे. सीडीच्या दर्जाचे संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा, दोन वाहिन्यांत, प्रत्येकी १६ बिटांनी मोजलेला ध्वनी. त्याचा गुणाकार सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट होतो. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात वायफायही नांदत असते, आणि पारंपरिक ब्लूटूथ त्या पट्ट्यातील ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत, हरवलेली पाकिटे पुन्हा पाठवत काम चालवते. अशा वाटेवरून एवढी माहिती अखंड नेणे अवघड असल्याने ती आधी आवळावी लागते आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडावी लागते. आवळण्याच्या आणि उलगडण्याच्या या ठरलेल्या रीतीस कोडेक म्हणतात. ब्लूटूथवरून संगीत पाठवण्याच्या २००३ सालच्या मानकाने एसबीसी हा कोडेक सर्वांना सक्तीचा केला, आणि त्याची नेहमीची वरची मर्यादा सेकंदाला ३२८ किलोबिट एवढी आहे. आयफोन मात्र एएसी पसंत करतो आणि सुमारे २५६ किलोबिटांत काम भागवतो. एपीटीएक्सचे मूळ १९८० च्या दशकात बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात झालेल्या संशोधनात असून आता ते क्वालकॉमच्या मालकीचे आहे. सोनीने २०१५ मध्ये आणलेला एलडॅक ३३०, ६६० आणि ९९० अशा तीन पायऱ्यांवर चालतो, आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून त्याचा आवळणारा भाग अँड्रॉइडच्या खुल्या आज्ञावलीत सामील आहे.

फोन आणि हेडफोन जोडले जाताना दोघेही आपापली यादी पुढे ठेवतात, आणि दोन्ही याद्यांत असलेल्या कोडेकांपैकीच एक निवडला जातो. खर्च केलेल्या रकमेचा या निवडीशी संबंध नसतो. आयफोनच्या यादीत एलडॅकही नाही आणि एपीटीएक्सही नाही. त्यामुळे सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ नरसापुरात जोडलेल्या आयफोनला लावला की त्याच्या खोक्यावरचा एलडॅक निकामी होऊन एएसी उरतो, आणि तोच हेडफोन गूगलच्या पिक्सेलला लावला तर एलडॅक चालू करता येतो. सॅमसंगचे फोन स्वतःच्या कंपनीच्या कानबुट्ट्यांशी स्वतःच्याच कोडेकने बोलतात, आणि त्या कानबुट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या फोनशी जोडल्या की एएसी किंवा एसबीसीवर उतरतात. बोसच्या क्वाएटकम्फर्ट अल्ट्रातील एपीटीएक्स अडॅप्टिव्ह चालण्यासाठी फोननेही ते मानक स्वीकारलेले असावे लागते. या साऱ्या अदलाबदलीत गोंगाट दाबण्याच्या गुणात मात्र फरक पडत नाही: स्वस्त फोन असो वा महाग, किंवा फोन नसलाच तरी, ७५ हर्ट्‌झची घरघर तेवढीच कमी होते. अँड्रॉइडच्या सेटिंगमधील ‘बिल्ड नंबर’ सात वेळा दाबल्यावर उघडणाऱ्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये प्रत्यक्ष चालू असलेला कोडेक दिसतो. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तेथे पाहणे बरे.

तेथे एलडॅक दिसला म्हणजे ९९० किलोबिट मिळाले असे मात्र समजू नये. फोन पँटच्या मागच्या खिशात असेल तर मधल्या शरीरातील पाणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषून घेते, आणि भरलेल्या बसमध्ये डझनभर फोन त्याच पट्ट्यात बोलत असतात. अशा वेळी एलडॅकने स्वतः जुळवून घेण्याची मुभा असेल तर तो निमूटपणे खालच्या पायरीवर येतो, आणि ९९० वर अडवून धरला तर गाणे तुटक होऊ लागते. ३३० च्या पायरीवर तो एसबीसीहून फारसा सरस उरत नाही. शिवाय मूळ गाणे कोणत्या अवस्थेत फोनपर्यंत आले हाही प्रश्न आहे. इंटरनेटवरून येणारे बहुतेक संगीत आधीच आवळलेले असते. ते फोनमध्ये उलगडले जाते, त्यात संदेशांच्या सूचनांचे आवाज मिसळले जातात आणि मग ब्लूटूथसाठी ते पुन्हा आवळले जाते. या उलगडण्याच्या कामात बंगळूरचाही हात आहे: एएसी कुटुंबातील एक्सएचई-एएसी हा नवा प्रकार उलगडणारी अँड्रॉइडमधील खुली आज्ञावली मुळात बंगळूरच्या इटियम सिस्टिम्सने लिहून दिलेली आहे. परंतु १२८ किलोबिटांत आलेल्या गाण्याला पुढे ९९० किलोबिटांची वाट दिल्याने त्यातला हरवलेला तपशील परत येत नाही.

कोडेकाचे आणि गोंगाटाचे नाते खरे जुळते ते आच्छादन या श्रवणगुणापाशी. एक मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासच्या वारंवारतेचा लहान आवाज कानाला ऐकूच येत नाही, आणि एएसीसारखे कोडेक याच उणिवेवर जगतात, कारण जे झाकले जाणार आहे त्यावर ते बिट खर्च करत नाहीत. हे आच्छादन दोन्ही बाजूंना सारखे पसरत नाही: मोठा खर्जातला आवाज आपल्याहून उंच आवाजांना जितका झाकतो, तितका उंच आवाज खर्जाला झाकत नाही. इंजिनाची घरघर केवळ ७५ हर्ट्‌झपाशी थांबत नाही, तिच्या पटींतली १५०, २२५, ३०० हर्ट्‌झची कंपनेही उठतात, आणि ती सारी मिळून संगीतातल्या व बोलण्यातल्या बारकाव्यांवर पांघरूण घालतात. म्हणूनच हेडफोनने प्रत्यक्षात फक्त खालचा पट्टा दाबला तरी ऐकणाऱ्याला व्यंजने, तंतुवाद्याचा आघात, गायकाचा श्वास असे वरचे तपशील एकाएकी उलगडल्यासारखे वाटतात. उलट गोंगाट दाबलेला नसेल, तर एसबीसी आणि एलडॅक यांच्यातला बारीक फरक बसच्या घरघरीखाली गडप होतो. अशा रस्त्यावर रोज दोन तास घालवणाऱ्याने कोडेकाच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजणे हा, सौम्य शब्दांत सांगायचे तर, क्रम चुकलेला खर्च आहे. घट्ट बसणारी गादी आणि चांगले नॉइज कॅन्सलेशन आधी, आणि कोडेक निवांत खोलीत बसून ऐकणाऱ्यासाठी.

यात प्रकृतीचाही भाग आहे. घरघर तशीच राहिली तर माणूस आवाज वाढवत नेतो, आणि जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलला ती पाच तासांवर येते. गोंगाट दाबल्यामुळे आवाज कमी ठेवता येतो, हा या हेडफोनांचा जाहिरातीत क्वचित सांगितला जाणारा फायदा आहे. रस्ता ओलांडताना किंवा दुचाकीवर हेच वरदान उलटते, हे सांगण्यासाठी विज्ञानाची गरज नाही.

फोन वाजला की चित्र पार बदलते. दुतर्फा बोलण्यासाठी पारंपरिक ब्लूटूथ संगीताची व्यवस्था सोडून वेगळ्या, अरुंद वाटेवर जाते, आणि तेथे एलडॅक किंवा एपीटीएक्स एचडी यांना प्रवेशच नसतो. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४००० हर्ट्‌झच्या वरचे काही जात नाही. नंतर आलेल्या पद्धतीत ते १६,००० झाले. महागड्या हेडफोनवरून बोलतानाही आवाज डब्यातून आल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर येथे आहे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या मानकात एलसी३ हा कोडेक संगीत आणि संभाषण या दोन्हींसाठी वापरला जातो, आणि ब्लूटूथ संघटनेने प्रसिद्ध केलेल्या श्रवणचाचण्यांनुसार तो एसबीसीच्या निम्म्या बिटांत त्याच्याइतका किंवा त्याहून चांगला दर्जा देतो. अर्थात तोही दोन्ही याद्यांत असेल तरच. हेडफोन घालणाऱ्याच्या कानातला गोंगाट दाबणारी व्यवस्था मात्र पलीकडच्या माणसासाठी काहीच करत नाही. त्याच्यासाठी वेगळे मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या तोंडाची दिशा धरून इतर दिशांचे आवाज वजा करण्याचा प्रयत्न करतात, आणि होसकोटेच्या चौकात, हॉर्न चहूबाजूंनी येत असताना, ती वजाबाकी सहसा अपुरी पडते: बोलणाऱ्याला स्वतःभोवती बऱ्यापैकी शांत वाटत असते आणि पुण्यात फोन घेतलेल्याला सगळा चौक ऐकू येत असतो.