अब्बांचा पट आणि मोबाइलमधला उस्ताद

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या रत्नागिरीच्या घरी अब्बांचा जुना शिसवी पट माळ्यावरून खाली आला. एक उंट हरवलेला होता, त्याच्या जागी बाटलीचे बूच ठेवले. नातवाला चाली शिकवताना अब्बांचे दिवस मजेत जाऊ लागले. पंधरा दिवसांतच नातवाने मोबाइलवर बुद्धिबळ उतरवून घेतले. दुबईला असलेल्या चुलत बहिणीशी रोज संध्याकाळी त्याचा डाव रंगू लागला आणि तो रोज हरू लागला.

मग एके दिवशी तो जिंकला. दुसऱ्या दिवशीही जिंकला, तेही एकही चूक न करता. आम्ही खूश झालो, शेजारीपाजारी सांगूनही आलो. अब्बा मात्र डाव पाहत गप्प बसले होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "बेटा, हा घोडा तू इथे का आणलास?" पोराला उत्तर देता येईना. थोड्या वेळाने त्याचे डोळे भरून आले. अम्मीच्या मोबाइलवर त्याने संगणकाचा डाव लावला होता. बहीण जी चाल खेळे ती तिथे मांडायची, आणि संगणक जे उत्तर देई ते इकडे खेळायचे.

त्या रात्री आम्ही घरातली मोठी माणसे बराच वेळ बोलत बसलो. मोबाइल काढून घ्यावा, की खेळच बंद करावा?

हा खेळ आपल्याला परका नाही. भारतातला चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे पोहोचून शतरंज झाला आणि पुढे युरोपात गेला. 'वजीर', 'प्यादे', 'शह', 'मात' हे शब्द त्या प्रवासाच्या खुणा आहेत. बगदादच्या अब्बासी दरबारात अबू बक्र अस्-सूली नावाचे विद्वान होते. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव आहेच, पण खलिफा अल-मुक्तफी यांच्यासमोर त्यांनी दरबारातला नामांकित खेळाडू अल-मावर्दी याला हरवल्याचेही नमूद आहे. दहाव्या शतकात त्यांनी एक कूट मांडले. ते हजार वर्षे कुणाला उलगडले नाही. अखेर १९८० च्या दशकात सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी आव्हेरबाख यांनी त्याची उकल दिली.

उलेमांमध्ये या खेळाविषयी मतभेद आहेत, हेही सांगायला हवे. पैज लावून खेळणे आणि खेळापायी नमाज चुकवणे नाजायज, यावर सर्वांचे एकमत आहे. त्यापलीकडे हनफी मसलकात तो मकरूह-ए-तहरीमी मानला जातो. शाफई मसलकात, म्हणजे आमच्या कोकणातल्या बहुतेक घरांत, मकरूह असला तरी हराम मानला जात नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. आमच्या घरात अब्बांचा दंडक एकच आहे: अजान झाली की पट जिथल्या तिथे थांबतो.

आता मोबाइलमधल्या त्या उस्तादाकडे वळू. तो खेळतो कसा? पटावर पहिली चाल करायचे २० मार्ग असतात. दोन्ही बाजूंची एकेक चाल झाली की शक्यता ४०० होतात. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की डाव १,९७,२८१ रीतींनी पुढे गेलेला असू शकतो. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट इब्न खल्लिकान यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवली आहे. चौसष्ट घरांचे दाणे मोजता मोजता २० अंकी संख्या होते. डावातल्या शक्यता याहूनही कितीतरी जास्त. त्यामुळे संगणकालाही सगळ्या मोजता येत नाहीत.

म्हणून तो दोन कामे करतो. काही चाली पुढे पाहून प्रत्येक स्थितीला नफ्या-तोट्याचा आकडा देतो, आणि जी फांदी उघड तोट्याची दिसते ती तिथेच छाटून टाकतो. अशा पायरीपायरीच्या हिशोबाला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला आहे.

इंग्लंडच्या अ‍ॅलन ट्युरिंग यांनी असा हिशोब संगणक हाताशी नसतानाच कागदावर रचला. १९५२ मध्ये त्यांनी स्वतःच संगणक बनून, एकेक आकडा हाताने काढत एका मित्राशी डाव खेळला आणि ते हरले. १९९६ मध्ये जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याने आयबीएमच्या 'डीप ब्लू' या संगणकाला ४-२ असे हरवले. पुढच्याच वर्षी, मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला, त्याच संगणकाने कास्पारोव्हला साडेतीन-अडीच अशी मात दिली. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. २०१७ मध्ये 'अल्फाझीरो'ला तर फक्त नियम सांगण्यात आले. स्वतःशीच असंख्य डाव खेळून तो बाकीचे शिकला. आज 'स्टॉकफिश' हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आपल्या साध्या मोबाइलवरही जगज्जेत्याला हरवू शकते.

म्हणजे आमच्या पोराच्या हाताशी जगातला सगळ्यात जबरदस्त खेळाडू होता, आणि मोह तिथेच झाला. मोठमोठ्यांनाही हा मोह सुटलेला नाही. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या एका स्पर्धेत एक ग्रँडमास्टर प्रसाधनगृहात मोबाइल पाहताना सापडला. पुढे त्याची पदवी काढून घेण्यात आली. आता मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना मोबाइल आत नेता येत नाही. मोबाइलवरच्या खेळातही चाली संगणकाच्या चालींशी पडताळून लबाडी पकडली जाते. आमच्या घरात ते काम अब्बांच्या एका प्रश्नाने केले.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी नातवाला रागावले नाही. दुबईला फोन लावून तो त्याच्या हातात दिला. पोराने चाचरत सगळे सांगितले. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग बहीण म्हणाली, "मला वाटलंच होतं. ते दोन डाव माझे. आता परत खेळ." तो खेळला आणि हरला. पण त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

मोबाइल आम्ही काढून घेतला नाही, वापर मात्र ठरवून दिला. डाव चालू असताना संगणकाला काहीही विचारायचे नाही. डाव संपला की तोच संगणक उघडायचा आणि आपण कुठे चुकलो ते पाहायचे. पण त्याने चांगली चाल दाखवली की ती का चांगली, हे आधी अब्बांना आपल्या शब्दांत समजावून द्यायचे. अनोळखी माणसांशी गप्पा बंद, पैशाचे डाव बंद, आणि दिवसाला दोनच डाव. एक मोबाइलवर, एक शिसवी पटावर.

संगणक चूक दाखवतो, थकत नाही, पैसे मागत नाही. खेड्यातल्या ज्या मुलामुलींना शिकवणी परवडत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीही पट मागू लागल्या आहेत. त्यांना तो जरूर द्यावा, फक्त शेजारी घरातले कुणी मोठे बसलेले असावे.

गेल्या जुम्म्याला नातवाने अब्बांना पहिल्यांदा मात दिली. अब्बांनी चष्मा पुसला, पटाकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हा हत्ती का हलवलास?" या वेळी पोराने शेवटच्या पाच चाली एकेक करून समजावून सांगितल्या. अब्बा "माशाअल्लाह" म्हणाले आणि मोहरे पुन्हा मांडायला लागले. बुचाचा उंट अजून तसाच आहे. नवा आणू म्हटले तर नातूच नको म्हणतो.